दीड टन ऊन पाणी

मुलाकडे किंवा मुलीकडे कॅनडात गेलेल्या आईवडिलांना परसातला हॉट टब दिसला, की पहिला प्रश्न ठरलेला : "याचं बिल किती येतं?" प्रश्न रास्तच आहे. टोरांटोच्या उपनगरांत जानेवारीच्या रात्री पारा उणे दहाच्या आसपास घुटमळत असतो, आणि मागच्या अंगणात, उघड्या आभाळाखाली, दीड हजार लीटर पाणी चोवीस तास ३८ अंश सेल्सिअसवर ठेवलेलं असतं. बादली भरली की गिझर बंद केला ना, हे दोनदा विचारणाऱ्या पिढीला हा निव्वळ माज वाटतो. माज आहेच. पण तो वाटतो तितका महाग नाही, आणि पैसे जिथून गळतात ती जागा बहुतेकांच्या मनातली नसते.

आधी पाणी तापवण्याचा हिशेब. एक लीटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, हे आपण शाळेत शिकलो. दीड हजार लीटरला त्याच हिशेबाने एका अंशाला पावणेदोन युनिट वीज लागते. नळाचं पाणी हिवाळ्याच्या तोंडावर आठ अंशांवर आलं असेल, तर ते ३८ वर न्यायला साधारण ५२ युनिट खर्ची पडतात. तिकडे २४० व्होल्टवर चालणारा साडेपाच किलोवॉटचा हीटर सर्रास असतो, त्याला साडेनऊ तास लागतात. भिंतीतल्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर चालणारा, दीड किलोवॉटचा स्वस्त टब असेल, तर दीड दिवस. पण हे ५२ युनिट तीन-चार महिन्यांतून एकदाच, पाणी बदलल्यावर लागतात. रोजचा खर्च निराळा. तापलेलं पाणी तापलेलंच ठेवण्याचा.

झाकण उघडं असेल तर हॉट टबमधली बहुतेक उष्णता वर जाते, आणि तीही वाफेवर बसून. एक लीटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल, म्हणजे युनिटच्या दोन-तृतीयांश इतकी ऊर्जा लागते. ही ऊर्जा वाफ उरलेल्या पाण्यातूनच काढून नेते. एक लीटर पाणी उडालं की मागे राहिलेलं दीड टन पाणी जवळपास ०.४ अंशाने थंड होतं. हवा उणे दहा अंशांवर असते तेव्हा तिच्यात बाष्प जवळजवळ नसतंच, त्यामुळे ३८ अंशांच्या पाण्यावरून वाफ सुसाट निघते. वारा पडलेला असेल तर साडेतीन चौरस मीटर पृष्ठभागावरून तासाला तीन लीटर, झुळूक असेल तर सात-आठ लीटरही. हे ऊर्जेत मोजलं तर दोनपासून साडेपाच किलोवॉटपर्यंत जातं. म्हणजे वाऱ्याच्या रात्री झाकण काढून बसलात, तर हीटर पूर्ण ताकदीने चालूनही केवळ वाफेशीच कशीबशी बरोबरी करतो. बाकीची गळती वेगळी.

म्हणून या यंत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग पंप नाही आणि हीटरही नाही. झाकण आहे. दुकानात मात्र गिऱ्हाईक जेटची संख्या मोजतं आणि रंगीत दिवे बघतं. झाकणाकडे कोणी ढुंकून बघत नाही.

चांगलं झाकण म्हणजे थर्माकोलच्या जातीच्या फोमचे दोन जाड पत्रे, प्रत्येकाला प्लास्टिकच्या पातळ पडद्याचं सीलबंद वेष्टन आणि वरून रेक्झिनसारखं कापड. मध्यावर जाड, कडेला थोडं पातळ, म्हणजे पावसाचं पाणी साचून राहत नाही. फोम उष्णता अडवतो तो आपल्या अंगच्या गुणाने नव्हे, तर पोटात कोंडून धरलेल्या हवेच्या बळावर. टबमधली वाफ शत्रू ठरते ती इथे. प्लास्टिकच्या पडद्याला कुठे सुईएवढं भोक पडलं, की वाफ आत शिरते, वरच्या थंड बाजूला जाऊन तिचं पाणी होतं आणि ते तिथेच मुक्काम ठोकतं. पाणी उष्णता वाहून नेतं फोमच्या जवळजवळ सतरा पट. झाकण बाहेरून तसंच, धडधाकट दिसतं. फक्त जड होत जातं.

मिसिसागाला भाच्याकडे त्याचं जुनं झाकण कुंपणाला टेकवून ठेवलेलं होतं. "मावशी, हे उचलून बघ," म्हणाला. अर्धी घडी होती, तरी एका बाजूने जेमतेम वीतभर उचललं गेलं. नव्या झाकणाची तीच अर्धी घडी मी एका हाताने सरकवली. जुन्याची शिवण त्याने कात्रीने उसवली, तेव्हा आतल्या फोमच्या कडेतून पाणी ठिबकायला लागलं आणि ओल्या पोत्याचा कुबट वास आला. सहा वर्षं त्याने ते बदललं नव्हतं. वीजबिल वाढलं ते दरवाढीमुळे, अशी त्याची समजूत होती.

झाकणाची दुसरी दुखरी जागा म्हणजे मधली घडी. दोन पत्रे जिथे मुडपतात तिथे फट राहते आणि तिच्यातून वाफेची बारीक रेघ सतत निघत राहते. चांगल्या झाकणांत घडीच्या पोटातही फोमची पट्टी असते. तुमच्या झाकणाची तब्येत कशी आहे हे बघायला कुठलं उपकरण लागत नाही, बर्फ पडू द्यावा. झाकणावर बर्फ सपाट, एकसारखा टिकला तर छान. मधोमध सरळ रेषेत वितळला तर घडी गळते. सगळाच वितळून गेला, तर तुम्ही विकत घेतलेली वीज ओंटारिओचं आकाश तापवते आहे. पाण्यावर तरंगणारी बुडबुड्यांच्या प्लास्टिकची चादर झाकणाखाली अंथरली, तर वाफ उगमाशीच दबते आणि वरचं झाकणही जास्त टिकतं. एवढ्या किमतीत एवढा फायदा या साऱ्या प्रकरणात दुसऱ्या कशाचा नाही.

आता बाजू. इथे टब विकणाऱ्यांचे दोन पंथ आहेत आणि दोघे एकमेकांना पाण्यात पाहतात. पहिला पंथ टबचं भांडं आणि बाहेरची पेटी यांच्यामधली सगळी पोकळी फोमने गच्च भरतो. नळ्या फोममध्ये पुरल्या जातात, हलत नाहीत, उष्णता अडते. दुसरा पंथ फोम फक्त पेटीच्या आतल्या बाजूने लावतो आणि मधली पोकळी मोकळी ठेवतो, म्हणजे पंपाच्या मोटरची वाया जाणारी उष्णता तिथे कोंडून टबलाच परत मिळते. दोन्हींत तथ्य आहे. पण एखादी नळी सांध्यातून गळायला लागली, की पहिल्या पंथाच्या मालकाला घरातली सुरी घेऊन फोम खरवडत बसावं लागतं, आणि गळती नेमकी कुठे आहे ते सापडता सापडत नाही. फोममध्ये पाणी झिरपत जाऊन भलतीकडेच बाहेर पडतं. शिवाय भिजलेला फोम वाळत नाही. माझा कौल विचाराल तर ज्याला दुरुस्ती स्वतः करायची हौस आहे, त्याने दुसरा पंथ धरावा. मात्र फोमचे पत्रे जाड हवेत आणि पेटीला फटी नकोत. तळाखालीही फोम हवा, तो बहुतेक जण विसरतात.

एकूण हिशेब असा पडतो. बाहेर उणे दहा, आत ३८, म्हणजे ४८ अंशांचा फरक. नऊ सेंटिमीटरचं कोरडं झाकण दिवसाला दोन युनिट जाऊ देतं, बाजूंचा पाच सेंटिमीटर फोम चार-साडेचार, फटी आणि तळ मिळून आणखी दीड-दोन. सगळे मिळून आठेक युनिट. भिजलेल्या झाकणाने हाच आकडा सहज दुप्पट होतो.

याच आकड्यांतून घरोघरचा एक वाद निकाली निघतो. रात्री थर्मोस्टॅट खाली करावा की नाही? एक पक्ष म्हणतो, खाली केल्याने पुष्कळ वाचतं. दुसरा म्हणतो, परत तापवायला उलट जास्तच लागतं. दुसरा पक्ष साफ चूक आहे, कारण पाणी जितका वेळ थंड असेल तितका वेळ त्यातून उष्णता कमीच निसटते. थंड ठेवल्याने ऊर्जा जास्त लागली असं भौतिकशास्त्रात घडत नाही. आपल्याकडच्या गिझरलाही हेच लागू. पण पहिल्या पक्षानेही फार उड्या मारू नयेत. चांगलं झाकलेलं दीड टन पाणी आठ तासांत उतरून उतरून दीड अंश उतरतं. तेवढ्या वेळात सरासरी फरक ४८ ऐवजी सव्वासत्तेचाळीस. बचत किती? युनिटचा पंचविसावा हिस्सा! त्यात मोबाइलही दोन-तीनदाच चार्ज होईल. दोन-तीन आठवडे भारतात यायचं असेल तर मात्र टब २७ अंशांवर आणून ठेवावा, मग रोजची गळती जवळपास पावपटीने घटते.

पैसे वाचवायचे तर किती वीज वापरली यापेक्षा ती कधी वापरली हे बघावं. ओंटारिओत २०२३ पासून रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेसाठी अतिस्वस्त दराची योजना आहे. कामाच्या दिवशी दुपारी ४ ते रात्री ९ चा दर त्याच्या जवळपास दहापट पडतो. टब म्हणजे उष्णतेची मोठी बॅटरीच. पहाटेपर्यंत पाणी ३९ वर चढवून ठेवायचं आणि संध्याकाळचे महागडे पाच तास हीटर बंद ठेवायचा. त्या वेळात पाणी एक अंशही पुरतं उतरत नाही. हे टायमरवर टाकून दिलं की विसरून जावं.

जेटची कथा थोडक्यात सांगायला हवी, कारण नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. इटलीतून कॅलिफोर्नियात आलेल्या जकूझी भावांनी आधी बर्कलीत विमानांचे पंखे बनवले, मग विमानही. १९२१ मध्ये त्यांचं विमान कोसळलं, त्यात एक भाऊ गेला, आणि घराणं विहिरीच्या पंपांकडे वळलं. कँडिडो जकूझी यांचा मुलगा केनेथ याला अगदी लहानपणीच संधिवाताने धरलं. इस्पितळातला पाण्याचा शेक घरी मिळावा म्हणून त्यांनी न्हाणीतल्या टबमध्ये सोडता येईल असा पंप बनवला. १९५६ मध्ये तो बाजारात आला. १९६८ मध्ये रॉय जकूझी यांनी जेट टबच्या भिंतीतच बसवले. अंगणातला गोल लाकडी हॉट टब ही मात्र निराळी शाखा. ती साठच्या दशकात कॅलिफोर्नियातच, वाइनची जुनी लाकडी पिंपं कापून सुरू झाली. पुढे फायबरच्या टबमध्ये दोन्ही एक झाल्या. जेटच्या अरुंद तोंडातून पाणी वेगाने सुटतं, तिथे दाब घटतो आणि बाहेरची हवा आपसूक आत ओढली जाते. पाठीवर आपटणारे बुडबुडे ते हेच. पण ती हवा उणे दहाची आणि कोरडी असते. पाण्यातून वर जाता जाता ती उष्णताही घेते आणि बाष्पही. हिवाळ्यात जेट लावून तासभर गप्पा मारल्या की पाणी दोन अंश उतरलेलं असतं, आणि लोक म्हणतात हीटर बिघडला.

देखभालीचा खरा व्याप पाण्याचा. पोहण्याच्या तलावाची सवय असलेल्याला इथलं गणित चटकन कळत नाही. दीड हजार लीटरमध्ये चार माणसं बसली, तर ती पन्नास हजार लीटरच्या तलावात एकाच वेळी एकशे तेहेतीस माणसं उतरल्यासारखी. त्यात पाणी ऊन, म्हणजे घामही येतो आणि जंतूही खूश असतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या शिफारशीनुसार हॉट टबमध्ये मोकळं क्लोरीन किमान ३ पीपीएम असावं, ब्रोमीन वापरत असाल तर ४ ते ८, आणि पीएच ७.० ते ७.८. पीएचवर एवढा भर का? जंतू मारतं ते हायपोक्लोरस आम्ल. पीएच ७.५ च्या आसपास असताना मोकळ्या क्लोरीनपैकी निम्मं या रूपात असतं. पीएच ८ वर गेला की जेमतेम पाव. चाचणीच्या पट्टीवर क्लोरीन भरपूर दिसतं, पण कामाला येणारं त्यात थोडंच असतं.

आणि हॉट टबचा पीएच चढतोच. कोणी काही टाकलं नाही तरी चढतो. जेटच्या बुडबुड्यांबरोबर पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाण्याचं आम्लपण घटतं. म्हणून टबवाले आठवड्यातून दोनदा तरी पट्टी बुडवतात आणि सोडियम बायसल्फेटची चिमूट टाकतात. नाकाला झोंबणारा 'क्लोरीनचा वास' आला की क्लोरीन जास्त झालं असं समजून लोक ते टाकणं थांबवतात, ही तर उलटी गंगा. तो वास घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी जुळलेल्या क्लोरीनचा, म्हणजे क्लोरामिनचा असतो. त्यावर उपाय म्हणजे पाण्याला जास्तीचा ऑक्सिडायझर देऊन झाकण वीसेक मिनिटं उघडं ठेवणं. झाकण लगेच लावलं तर तेच वायू त्याच्या आतल्या कापडाला कुरतडतात.

आपल्या मंडळींबद्दल दोन शब्द. डोक्याला खोबरेल चोपडून किंवा दिवाळीचं अभ्यंग आटोपून तसंच टबात उतरणं हा फिल्टरवर अत्याचार आहे. तेल पाण्याच्या रेषेवर चिकट कड धरतं, फिल्टरच्या घड्यांत बसतं आणि क्लोरीन स्वतःवर खर्च करवतं. साबणाचा अंश राहिलेला पोहण्याचा पोशाखही तितकाच वाईट. पुढे जेट लावले की वाढदिवसाच्या केकसारखा फेस येतो. आधी साध्या पाण्याने स्वच्छ अंघोळ करावी, हा नियम जपानी स्नानगृहांत कधीपासून आहे आणि त्याला पर्याय नाही. फिल्टर दर आठवड्याला नळाखाली घड्या उलगडून धुवावा, दोन फिल्टर ठेवून आलटून पालटून वापरावेत. पाणी कधी बदलायचं याचा ढोबळ नियम असा : टब किती गॅलनचा, भागिले तीन, भागिले रोज बसणारी माणसं. दीड हजार लीटर म्हणजे चारशे अमेरिकी गॅलन. दोघं रोज बसत असतील तर दोन महिने. बदलण्याआधी नळ्यांतला बुळबुळीत थर सोडवणारं द्रावण फिरवावं. काय बाहेर येतं ते बघून पुढची काही वर्षं कोणी आळस करत नाही.

हे सोवळं कशासाठी, त्याचं उत्तर १९९९ च्या फेब्रुवारीत मिळालं. नेदरलँड्समध्ये बोव्हेनकार्सपेल गावी फुलांच्या प्रदर्शनात विक्रीसाठी मांडलेला एक व्हर्लपूल टब चालू होता. त्याच्या पाण्यात लिजिओनेला जंतू वाढले होते. साधारण २५ ते ४५ अंश हे त्यांचं आवडतं तापमान. बुडबुड्यांनी त्या पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडवले. टबात कोणी बसलं नव्हतं. लोक फक्त शेजारून चालत गेले. शंभराहून अधिक जण न्यूमोनियाने आजारी पडले आणि वीसहून अधिक दगावले. स्यूडोमोनास जंतूने अंगावर उठणारं पुरळ त्यामानाने किरकोळ, पण फार सामान्य.

धोके आणखीही आहेत. पाणी ४० अंशांच्या वर नेऊ नये. डोकं सोडून सगळं अंग ऊन पाण्यात असल्यावर घामाने शरीर थंड होऊच शकत नाही, आतलं तापमान चढतं, रक्तवाहिन्या सैलावतात, आणि उठून उभं राहिल्यावर भोवळ येते. दारू प्यायल्यावर तर अजिबात उतरू नये. गरोदर बायकांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. २००२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या तळाच्या जाळीच्या ओढीत अडकून बुडाली. तिच्या नावाने २००७ मध्ये कायदा झाला. तडकलेली जाळी असलेल्या टबात मूल सोडू नये, आणि पंपाचं बटण कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावं.

वीज गेली तर? डिसेंबर २०१३ च्या बर्फवादळात टोरांटोत लाखो घरं अंधारात होती, काही तर कित्येक दिवस. अशा वेळी मोठ्या पाण्याची चिंता करू नये; झाकण लावून ठेवलं तर ते गोठायला आठवडे लागतात. गोठतात त्या पेटीच्या कडेने जाणाऱ्या बारीक नळ्या आणि पंपाचं पोट, आणि पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं. पेटीत उष्णता टिकून राहील असं पांघरूण बाहेरून घालायचं आणि झाकणाला हात लावायचा नाही. वीज येईपर्यंत टबात बसायचा मोह प्रत्येकाला होतो. बसू नये.

महाराष्ट्रात वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, राजवाडी इथल्या कुंडांत गरम पाणी जमिनीतून वाहतं येतं, वीज लागत नाही. आता मात्र लोणावळ्याच्या बंगल्यांत आणि पुण्याच्या गच्च्यांवरही असे टब दिसू लागलेत. तिथे पहिला प्रश्न बिलाचा नाही, वजनाचा. पाणी दीड टन, टब साडेतीनशे किलो, चार माणसं. सगळं साडेचार चौरस मीटरवर. म्हणजे दर चौरस मीटरला पावणेपाचशे किलोच्या घरात. आपल्या भारतीय मानकात राहत्या खोल्यांसाठी धरलेला भार साधारण २०० किलो आणि जाण्यायेण्याच्या गच्चीसाठी १५० किलो आहे. संरचना अभियंत्याच्या लेखी होकाराशिवाय गच्चीवर टब चढवू देणाऱ्या सोसायटीने आपला विमा तपासावा. दुसरं, बोअरचं जड पाणी. क्षार हीटरवर थर धरतात, आणि थर धरलेला हीटर जळतो. भरताना टँकर कुठून आणलाय ते विचारावं. तिसरी गोष्ट कॅनडातल्या माणसाला सुचणारच नाही. मे महिन्यात बाहेर ३८-४० अंश असताना गच्च फोम भरलेला टब पंपाच्या घर्षणानेच तापत जातो, हीटर बंद असला तरी. ३८ वर लावलेलं पाणी ४१ वर पोहोचतं, आणि मग थर्मोस्टॅटचा काही उपयोग नसतो. पंपाची फेरी पहाटेला ठेवायची, गच्चीवर सावली करायची, आणि रात्री कोणी आसपास नसेल तेव्हा दाराला कुलूप घालून झाकण काढून ठेवायचं.